शीर दिसते, पण सुईचं टोक कुठे आहे?

आठ महिन्यांचं बाळ. दोन दिवस उलट्या आणि जुलाब. टाळू खोल गेलीय, रडतंय पण डोळ्यांतून पाणी येत नाही. लहान दवाखान्यातून त्याला मोठ्या रुग्णालयात हलवायचंय आणि न्यायला आलेलं पथक खाटेपाशी पोहोचलंय. पहिली नजर जाते ती बाळाच्या हातापायांकडे. दोन्ही हातांच्या पाठीवर आणि डाव्या पावलावर कापसाचे बोळे चिकटवलेले. हे काम करणाऱ्याला एवढ्यावरून सगळं कळतं: सोप्या शिरा टोचून झाल्यात, त्या फुटल्यात, आणि सलाईन अजून लागलेलं नाही.

अशा वेळी पथकाच्या बॅगेतून एक छोटं सोनोग्राफी यंत्र बाहेर निघतं. अंगावर टेकवायचा, हाताच्या मुठीत मावेल असा प्रोब आणि मोबाइलएवढा पडदा. पोटातल्या बाळाची सोनोग्राफी घरोघरी माहीत आहे. हातातली शीर शोधायलाही तेच तंत्र वापरतात म्हटलं की लोकांना नवल वाटतं, आणि लगेच पुढचा समज होतो की आता काय, शीर दिसली म्हणजे सुई लागलीच. तसं नाही. शीर दिसणं हा या कामातला सोपा अर्धा भाग. आत गेलेल्या सुईचं टोक या क्षणी नेमकं कुठे आहे हे कळणं, हा अवघड अर्धा. बाकीची सगळी शिकवणी त्या टोकाभोवती फिरते.

आधी मुळात अडचण का येते ते बघू. मोठ्या माणसाच्या कोपराच्या खळग्यातली शीर बोटाला दोरीसारखी लागते. तान्ह्या बाळाच्या हाताच्या पाठीवरची शीर जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंद. शिवाय तीन-चार महिन्यांपासून पुढे दोनेक वर्षांपर्यंत बाळं गुटगुटीत असतात. मनगटावरच्या ज्या वळ्या बघून सगळे बाळाचं कौतुक करतात, त्याच वळ्यांखाली शीर दडून बसते. त्यातून शरीरातलं पाणी कमी झालं की शरीर हातापायांचा रक्तपुरवठा आखडता घेतं आणि मेंदू-हृदयासाठी रक्त राखून ठेवतं. शिरा आकसतात, हातपाय गार पडतात. म्हणजे ज्या बाळाला सलाईनची निकड सगळ्यात जास्त, त्याचीच शीर सगळ्यात कमी हाताला लागते.

किती अवघड जाणार याचा अंदाज आधी बांधता येतो. त्यासाठी २००८ साली ‘डिव्हा’ नावाची एक साधी गुणपद्धत प्रसिद्ध झाली. शीर डोळ्यांना दिसत नसेल तर २ गुण, बोटाला लागत नसेल तर २, वय एका वर्षाच्या आत असेल तर ३ (एक ते दोन वर्षं असेल तर १), आणि बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मलेलं असेल तर आणखी ३. बेरीज ४ किंवा जास्त झाली, तर पहिला प्रयत्न फसण्याची शक्यता निम्म्याहून अधिक. आपल्या आठ महिन्यांच्या बाळाचे सात गुण झाले, तेही ते पूर्ण दिवसांचं आहे असं धरून. मला ही पद्धत आवडते ती आकड्यासाठी नाही. ती ‘आधी आपलं नेहमीसारखं बघू, नाही जमलं तर यंत्र काढू’ या सवयीला आळा घालते. चार वेळा टोचून झाल्यावर यंत्र काढलं तर त्यात बघायला उरतात त्या सुजलेल्या, फुटलेल्या शिरा.

आता यंत्राकडे येऊ. प्रोब आवाजाच्या लहरी सोडतो, आपल्या कानाला ऐकू येणाऱ्या आवाजापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीतल्या. त्या शरीरात सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातात आणि जिथे जिथे ऊतीचा पोत बदलतो तिथून थोड्या परत फिरतात. परत यायला किती वेळ लागला यावरून खोली ठरते, किती जोरात आल्या यावरून पडद्यावरचा उजळपणा. यात क्ष-किरण नाहीत, हे आईवडिलांना आवर्जून सांगावं लागतं, कारण अंधुक राखाडी चित्र दिसलं की एक्स-रेच वाटतो.

पोटातलं मूल बघायला कमी पट्टीचा आवाज लागतो, कारण तो खोलवर पोहोचतो. शिरेसाठी खोली नको, बारकावा हवा. म्हणून १० ते १५ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वरच्या पट्टीचा, सपाट तोंडाचा प्रोब घेतात. १५ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी होते, त्यामुळे दोन मिलिमीटरची शीर नीट ओळखू येते. प्रोबच्या तोंडाची रुंदीही बघावी लागते. मोठ्यांसाठीचा नेहमीचा प्रोब चार सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतो. तो बाळाच्या मनगटावर आडवा ठेवला की दोन्ही टोकं हवेत लटकतात आणि पडद्याच्या कडा काळ्या पडतात. त्यासाठी हॉकीच्या काठीसारखा वाकडा, निमूळता प्रोब मिळतो. ‘एकच प्रोब सगळ्या शरीराला चालतो’ अशी खिशातली यंत्रंही आता आली आहेत. ती फुप्फुस आणि हृदय बघायला झकास, पण तान्ह्याच्या हातावर मला ती जड वाटतात.

पडद्यावर रक्त काळं दिसतं. म्हणजे शीर हा एक काळा गोल, आणि धमनीही काळाच गोल. फरक दाबून कळतो. प्रोबने हलकेच दाबलं की शीर चपटी होऊन मिटते, धमनी सहसा टिकून राहते आणि ठोके देत राहते. गंमत अशी की याच गुणामुळे नवशिका फसतो. तो नकळत प्रोब दाबून धरतो, शीर मिटते आणि ‘इथे काहीच नाही’ म्हणून पुढे सरकतो. उपाय म्हणजे जेल भरपूर लावायचं, करंगळी बाळाच्या हातावर टेकवायची आणि प्रोब जेलवर तरंगता ठेवायचा.

कुठली शीर निवडायची? हाताच्या पाठीवरची पहिल्यांदा आठवते, पण यंत्र हाती असेल तर तिच्या मागे लागायचं कारण नाही. घोट्याच्या आतल्या हाडाच्या किंचित पुढून वर जाणारी पायाची मोठी शीर जवळजवळ प्रत्येक बाळात त्याच जागी सापडते. कोपराखाली अंगठ्याच्या बाजूने जाणारी शीरही चांगली. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आधीच्या कुणी टोचलेली नसते. दंडाच्या आतली शीर मोठी आणि मोहात पाडणारी. मात्र ती खोल असते आणि शेजारी धमनी व मज्जातंतू दोन्ही असतात, म्हणून तिच्याकडे शेवटी वळायचं.

आता टोकाची गोष्ट.

सुई शिरेत नेताना पडद्यावर दोन प्रकारे बघता येतं. प्रोब शिरेच्या लांबीवर ठेवला तर शीर काळ्या पट्ट्यासारखी दिसते आणि सुई तिच्यात उतरताना अख्खी दिसते. हा उभा छेद. ऐकायला हाच सोपा वाटतो. पण प्रोबमधून निघणारी ध्वनीची पात एखाद्या मिलिमीटरच्या घरातली पातळ, शीर दोन मिलिमीटरची, आणि बाळ पाय ओढतंय. या तिघांना एका रेषेत ठेवणं म्हणजे चालत्या झोपाळ्यावर बसून सुईत दोरा ओवणं. दुसरा प्रकार आडव्या छेदाचा. प्रोब शिरेवर आडवा, शीर काळा गोल, आणि सुई ध्वनीच्या पातीतून जाते तिथे एक पांढरा ठिपका. लहान मुलांत बहुतेक जण हाच वापरतात.

आणि इथेच मोठी फसवणूक आहे. तो पांढरा ठिपका सुईचा असतो, पण सुईच्या कुठल्या भागाचा? टोक पातीत असलं तरी ठिपका दिसतो. टोक पुढे निघून गेलं आणि मधली दांडी पातीत राहिली, तरी तसाच ठिपका दिसतो. शिकत असताना मी अशीच फसलेय. काळ्या गोलाच्या बरोबर मधोमध पांढरा ठिपका, सुईच्या मागच्या डबीत रक्तही आलेलं, मी खूश. सिस्टरांनी दोन मिलिलिटर सलाईन सोडलं आणि शिरेच्या खाली एक काळी सावली पसरताना मला पडद्यावरच दिसली. टोक शिरेच्या मागच्या भिंतीतून केव्हाच पार झालं होतं. रक्त आलं ते जाता जाता.

यावर तोड म्हणून जी पद्धत शिकवतात ती सांगायला सोपी आणि हाताला बसायला वेळ घेणारी आहे. ठिपका दिसला की सुई थांबवायची आणि प्रोब केसभर पुढे सरकवायचा, ठिपका नाहीसा होईपर्यंत. नाहीसा झाला, म्हणजे टोक मागे राहिलं हे नक्की झालं. मग प्रोब स्थिर ठेवून सुई केसभर पुढे न्यायची, ठिपका पुन्हा उगवेपर्यंत. आता उगवलेला ठिपका टोकाचाच. पुन्हा प्रोब, पुन्हा सुई. पाठशिवणीच्या खेळासारखं. दोन्ही हात एकाच वेळी हलवायचे नाहीत, ही त्यातली एकमेव कडक अट. असं करत टोक शिरेत शिरलं की काळ्या गोलात पांढरा ठिपका, नेमबाजीच्या फळ्यासारखं चित्र दिसतं. तरी तिथे थांबायचं नाही. सुईचं टोक तिच्यावर चढवलेल्या प्लास्टिकच्या नळीच्या थोडं पुढे असतं. रक्त आलं तेव्हा सुई आत असते, नळी अजून दारातच. म्हणून सुईचा कोन कमी करून ठिपका गोलाच्या मध्यावर ठेवत आणखी काही मिलिमीटर पुढे जायचं आणि मगच नळी सरकवायची. अर्धवट लागलेल्या बऱ्याच सुया याच काही मिलिमीटरांवर जातात.

नळीच्या लांबीचा हिशेब तर हमखास विसरला जातो. लहान बाळांना लावतात ती पिवळी, २४ नंबरची नळी साधारण १९ मिलिमीटर लांब असते. समजा शीर ६ मिलिमीटर खोल आहे आणि सुई ४५ अंशात घातली. शिरेपर्यंत पोहोचायलाच साडेआठ मिलिमीटर खर्च झाले, आत राहिली दहा-साडेदहा. तीच ३० अंशात घातली तर वाटेतच १२ गेले आणि आत उरले ७. बाळाने पाय झटकला, स्ट्रेचर उचलताना मांसल भाग थोडा ताणला गेला, की ती सात मिलिमीटर नळी शिरेबाहेर. मग औषध शिरेत न जाता मांसात जातं, पाय फुगतो. नुसतं सलाईन असेल तर निभावतं. रक्तदाब वाढवणारी औषधं, कॅल्शियम किंवा दाट ग्लुकोज असेल तर कातडी जळते. म्हणून शीर खोल असली की २२ नंबरची, २५ मिलिमीटरची निळी नळी घ्यावी, शीर तेवढी रुंद असेल तर. नाहीतर उथळ शीर शोधावी. हा हिशेब टोचण्याआधी करता येतो, कारण खोली पडद्यावर आकड्यात लिहिलेली असते. शिरा दाखवणारे इन्फ्रारेड दिवे असतात, त्यांच्यात नेमकं हेच नाही. ते कातडीवर शिरांचा छान हिरवा-लाल नकाशा पाडतात, पण शीर किती खोल आहे ते सांगत नाहीत.

एवढा खटाटोप करून फरक पडतो का? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शीर मिळणं अवघड जाईल असा अंदाज असलेल्या १६७ मुलांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी केली होती. पहिल्याच टोचण्यात सुई लागण्याचं प्रमाण सोनोग्राफीच्या गटात सुमारे ८५ टक्के, नेहमीच्या पद्धतीत सुमारे ४६. सोनोग्राफीने लावलेल्या सुया टिकल्याही जास्त दिवस. पण तो अभ्यास रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागातला होता, चांगल्या उजेडात आणि शिकलेल्या हातांनी केलेला. रस्त्यावर तो आकडा तसाच मिळेल, असं मी कुणाला सांगणार नाही.

कारण रुग्णवाहिका म्हणजे चार चाकांवरचं रुग्णालय नव्हे. तिथे जागा हातभर, उजेड वरून एकाच बाजूने, आणि पडद्यावर खिडकीचं ऊन. जेल गार असतं आणि आधीच गार पडलेल्या बाळाचं पांघरूण काढून शीर शोधत बसलं तर ते आणखी गारठतं. गार झालं की शिरा आणखी आकसतात. हे दुष्टचक्र चार-पाच मिनिटांत सुरू होतं, म्हणून जेल खिशात ठेवून कोमट करायचं आणि एका वेळी एकच हात किंवा पाय उघडा करायचा. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पट्टा. टोचायचं तर सीटचा पट्टा सोडून वाकावं लागतं. त्या क्षणी चालकाने ब्रेक दाबला तर बाळ, सुई आणि टोचणारा तिघंही एकाच दिशेने जातात.

म्हणून या यंत्राची खरी जागा गाडी सुटण्याआधी आहे. ‘निघा लवकर’ असा दबाव असतो, आणि काही आजारांत तो योग्यही असतो. पण सलाईन न लागलेलं कोरडं बाळ घेऊन घाईने निघणं म्हणजे अडचण सोबत घेऊन निघणं. खाटेपाशी दहा मिनिटं जास्त घालवून एक, आणि बाळ फार आजारी असेल तर दोन सुया लावून निघालं तर पुढचा प्रवास शांत जातो. आधीच्या दवाखान्याने लावलेली सुई खरंच शिरेत आहे का हेही तेव्हाच बघून घ्यावं. नळीच्या टोकाच्या वर, हृदयाच्या बाजूला प्रोब ठेवायचा आणि दोन मिलिलिटर सलाईन सोडायचं. शिरेत पांढरे कण उसळताना दिसले तर ठीक. शिरेच्या बाहेर काळी सावली पसरली तर ती सुई निकामी, वरून कितीही चांगली दिसत असली तरी. माझ्या मते प्रवासात या यंत्राचा हा सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि सगळ्यात स्वस्त उपयोग आहे. कुणाला टोचावंही लागत नाही.

आणि वाटेत सुई निघालीच तर? रस्त्यावर असाल तर गाडी सुरक्षित जागी थांबवून लावायची. हेलिकॉप्टरला बाजूला थांबण्याची सोय नाही. तिथे थरथर इतकी असते की पहिल्यांदा बघणाऱ्याला चित्र दिसणारच नाही असं वाटतं. पण बाळाचा पाय, पाय धरलेला हात आणि प्रोब एकत्रच थरथरत असतील तर चित्र बऱ्यापैकी स्थिर राहतं. वेगळा हलतो तो सुईचा हात. म्हणून त्या हाताचं मनगट बाळाच्या पायाखालच्या फळीवरच टेकवायचं. कानाला काही ऐकू येत नाही, तेव्हा ‘आता सोड’, ‘थांब’ हे बोटांच्या खुणांनी आधीच ठरवून ठेवायचं.

एका ठिकाणी मात्र यंत्र बॅगेतच राहू द्यावं. बाळाचं हृदय थांबलंय किंवा ते थांबण्याच्या बेतात आहे, तेव्हा शीर शोधत बसायचं नाही. गुडघ्याच्या किंचित खाली, नडगीच्या हाडात खास सुई घालायची. हाडाच्या पोकळीत सोडलेलं सलाईन आणि औषधं काही सेकंदांत रक्तात पोहोचतात. युरोपातल्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की गंभीर आजारी मुलात शिरेसाठी जास्तीत जास्त पाच मिनिटं किंवा दोन प्रयत्न, त्यानंतर हाड. सोनोग्राफी आल्यावर एक नवी चूक दिसायला लागली आहे, ‘आता दिसतेय ना शीर, अजून एकदाच’ म्हणत घड्याळ विसरण्याची. पडद्यावर काहीतरी दिसत राहिलं की माणूस थांबत नाही. म्हणून पथकातल्या एकाने फक्त वेळ मोजायची आणि मोठ्याने सांगायची. हाडातली सुई चोवीस तासांच्या आत काढायची असते. तेवढ्यात बाळ सावरतं, शिरा भरतात, आणि मग निवांतपणे सोनोग्राफीने शीर घेता येते.

हात तयार व्हायला वेळ लागतो आणि तो बाळावर घालवू नये. जिलेटिनच्या वडीत बारीक रबरी नळ्या पुरून सराव करता येतो. त्यात टोक हरवतं, सापडतं, मागच्या भिंतीतून पार होतं, सगळं बाळासारखंच, फक्त कुणी रडत नाही. रोज एक-दोन वेळा केलं तर पाठशिवणीचा खेळ काही आठवड्यांत अंगवळणी पडतो. महिनाभर सोडलं की हात विसरतो, हेही खरं.

आपल्या बाळाकडे परत येऊ. प्रोब उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला ठेवला आहे. काळा गोल दिसतो, दाबल्यावर मिटतो, खोली ४ मिलिमीटर. आई डोक्याशी बसून बाळाच्या ओठांवर साखरेच्या पाण्याचे थेंब सोडते आहे, एकाने गुडघा धरलाय, एकाची नजर घड्याळावर. सुई आत गेली, ठिपका दिसला, हरवला, पुन्हा उगवला. रक्त आलं, त्यानंतरही सुई थोडी पुढे गेली, मग नळी सरकली. प्रोब पोटरीवर, दोन मिलिलिटर सलाईन, शिरेत पांढरे कण. जेल पूर्ण पुसायचं, कारण जेलवर चिकटपट्टी धरत नाही. पारदर्शक पट्टी, पायाखाली छोटी फळी, आणि पांघरुणातून तेवढं पाऊल बाहेर, म्हणजे फुगलं तर दिव्याच्या उजेडात दिसेल. पहिलं १६० मिलिलिटर सलाईन सुरू झालं की प्रोब पुसून बॅगेत जातो आणि पुढे बसलेल्या चालकाला सांगायचं, चला.